चिनी मातीवरचे फूल भट्टीत जळत कसे नाही?

आमच्या घरी एक जुनी कपबशी आहे. कपाच्या काठाला सोनेरी रेघ होती आणि पोटावर निळ्या फुलांची वेल आहे. रेघेबद्दल ‘होती’ असे लिहावे लागते, कारण वीसेक वर्षांच्या घासण्यात ती जवळजवळ पुसली गेली; निळ्या वेलीची मात्र एक पाकळीही फिकी झालेली नाही. कप तोच, घासणी तीच, घासणारे हातही तेच, तरी एक रंग गेला आणि दुसरा राहिला. या साध्या घरगुती कोड्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर आधुनिक पोर्सिलेनच्या फुलदाण्यांवरील फुलांची सगळी कला उलगडत जाते, आणि दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन फुलदाण्यांपैकी एक काही शे रुपयांना आणि दुसरी काही लाखांना का विकली जाते, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळते.

या कलेची विसाव्या शतकातील सर्वांत समृद्ध परंपरा जपानमध्ये घडली, म्हणून पुढील उदाहरणे मुख्यतः तिथली आहेत.

चिनी माती म्हणजे नेमके काय?

मराठीत लोणच्याची बरणी, चहाचा कप, न्हाणीघरातली फरशी आणि संग्रहालयातली नाजूक फुलदाणी या सगळ्यांना आपण ‘चिनी माती’ म्हणतो. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण पोर्सिलेन ही त्यातली एक विशिष्ट वस्तू आहे. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार नावाचे खनिज आणि गारगोटीची भुकटी यांच्या मिश्रणातून ती घडवतात आणि साधारण १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. एवढ्या उष्णतेत फेल्डस्पार वितळून काचेसारखे होते आणि उरलेल्या कणांमधल्या फटी भरून काढते. म्हणूनच पोर्सिलेन पाणी शोषत नाही, टिचकी मारली की घंटेसारखे वाजते, आणि पातळ असेल तर उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली त्यातून दिसते. आपली लोणच्याची बरणी यांपैकी पहिली परीक्षा उत्तीर्ण होते, शेवटची होत नाही.

या भाजण्यात भांडे आक्रसते. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत जवळपास सातवा हिस्सा आकार कमी होऊ शकतो. म्हणजे तीस सेंटिमीटर उंचीची फुलदाणी हवी असेल तर चाकावर पस्तीस सेंटिमीटरची घडवावी लागते. त्यावर काढलेले फूलही भांड्याबरोबर लहान होते, आणि चित्रकाराला हे आधीच हिशेबात धरावे लागते.

फूल काचेच्या खाली की वर?

भांड्यावर जो चकचकीत थर असतो त्याला झिलई किंवा ग्लेझ म्हणतात. ती खरोखर काचच असते, मातीच्या अंगावर वितळवून बसवलेली. फुलांच्या चित्रणाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एवढाच असतो, की फूल या काचेच्या खाली ठेवायचे की वर.

खाली ठेवायचे असेल तर जपानी पद्धतीत भांडे आधी सुमारे ८०० ते ९०० अंशांवर कच्चे भाजून घेतात. या अवस्थेत ते हाताळण्याइतके घट्ट, पण अत्यंत तहानलेले असते. त्यावर कुंचला टेकवणे म्हणजे टिपकागदावर शाईने चित्र काढण्यासारखे आहे: रंगातले पाणी क्षणात आत ओढले जाते, कुंचला जिथे थबकला तिथे डाग गडद होतो, आणि ओढलेली रेघ पुसता येत नाही. चित्र पूर्ण झाल्यावर भांडे झिलईच्या पांढुरक्या द्रावणात बुडवतात. त्या क्षणी चित्र पूर्ण झाकले जाते. मोठ्या भट्टीत झिलई वितळून पारदर्शक झाली की ते पुन्हा दिसू लागते. आमच्या कपावरची निळी वेल अशी काचेच्या पोटात बसलेली आहे. घासणी काच घासते, वेलीपर्यंत पोहोचतच नाही.

वर ठेवायचे असेल तर क्रम उलटा होतो. भांडे आधी झिलईसह पक्के भाजायचे, मग गुळगुळीत काचेवर मीनेच्या रंगांनी चित्र काढायचे, आणि पुन्हा एकदा, या वेळी ७०० ते ८५० अंशांच्या मंद भट्टीत, भाजायचे. मीना म्हणजे रंग मिसळलेली, लवकर वितळणारी काच. दागिन्यांवरच्या मीनाकामात तीच वापरतात. मंद भट्टीत खालची झिलई वितळत नाही, किंचित मऊ होते, आणि मीना तिला चिकटून बसते. बोट फिरवले तर पाकळी उंचावलेली जाणवते. सोने यापेक्षाही वरवरचे, अतिशय पातळ थराने बसते, आणि म्हणून आमच्या कपाच्या काठावरून ते गेले.

मग सगळेच रंग काचेखाली सुरक्षित का ठेवत नाहीत? कारण १,३०० अंशांची भट्टी फार थोडे रंग सहन करतात. कोबाल्टचा निळा तिथे खंबीरपणे टिकतो. तांब्याचा लाल येऊ शकतो, पण भट्टीतला प्राणवायू नेमका कमी ठेवावा लागतो आणि तो लहरी असतो. आपल्याला फुलांसाठी हवेसे वाटणारे कोवळे पिवळे, गुलाबी आणि पोपटी रंग बहुतेक वेळा त्या उष्णतेत फिसकटतात किंवा उडून जातात. त्यामुळे अनेक कलावंत एकाच फुलदाणीवर दोन्ही मार्ग वापरतात: देठ आणि पानांच्या कडा काचेखाली निळ्यात, पाकळ्या काचेवर मीनेत.

कुंचल्यात रंग नसतो, धातू असतो

कॅनव्हासवर लाल रंग लावला तर लाल दिसतो. इथे तसे नसते. कोबाल्टचे मिश्रण लावताना करड्या किंवा काळपट रंगाचे असते. निळे होते ते भट्टीतून बाहेर आल्यावर. मीनेतला हिरवा तांब्यापासून येतो आणि तांबडा लोखंडाच्या गंजापासून. सर्वांत विलक्षण गोष्ट गुलाबीची आहे: पोर्सिलेनवरच्या नाजूक गुलाबी पाकळीत सोने असते. अम्लराजात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवलेले सोने कथिलाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म कणांच्या रूपात खाली बसवले की पिवळे न दिसता जांभळट-लाल दिसते. सतराव्या शतकात युरोपात सर्वज्ञात झालेला हा रंग अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी दरबारी पोर्सिलेनवर फुलला, आणि त्यानंतरच कमळाची व शेवंतीची पाकळी टोकाकडून देठाकडे फिकट होत जाताना दाखवणे शक्य झाले.

म्हणजे चित्रकाराला डोळ्यांसमोर दिसणारे फूल रंगवायचे नसते. दोन-तीन दिवसांनी भट्टीतून निघणारे फूल त्याला आज मनात पाहावे लागते. स्वयंपाकात अनारसे तळणाऱ्या बाईला कच्च्या पिठावरूनच जाळी कशी पडेल हे जसे कळते, तसे हे अनुभवानेच येते.

‘स्टुडिओ’ या शब्दाचा अर्थ

कारखान्यात एक जण साचा भरतो, दुसरा झिलई देतो, तिसरा चित्र चिकटवतो, आणि नमुना चौथ्यानेच कधीतरी ठरवलेला असतो. स्टुडिओ पोर्सिलेनमध्ये आकार, झिलई आणि अलंकरण यांचा निर्णय एकाच कलावंताचा असतो. तो प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करतोच असे नाही, आणि जपानमधील जुन्या घराण्यांत मदतनीस कारागिरांची मोठी कार्यशाळा असते. तिथे कार्यशाळेचे सर्वसाधारण उत्पादन आणि घराण्याच्या प्रमुखाचे स्वतःचे काम वेगळे ओळखले जाते. फरक आहे तो मुख्यतः जबाबदारीचा: हे फूल इथेच, एवढेच आणि असेच का, याचे उत्तर देणारी एक व्यक्ती असते.

पाच पाकळ्यांच्या फुलाची पाचवी पाकळी

या जबाबदारीचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे तोमिमोतो केनकिची. १८८६ साली नारा प्रांतात जन्मलेला हा माणूस मुळात वास्तुरचना आणि नक्षीरचनेचा विद्यार्थी होता. तो लंडनमध्ये शिकला, एका वास्तुतज्ज्ञाचा मदतनीस म्हणून इजिप्त आणि भारतही पाहून गेला, आणि जपानला परतल्यावर इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच यांच्याशी झालेल्या मैत्रीतून मातीकडे वळला. त्याने स्वतःसाठी एक कठोर नियम घातला होता: नक्षीवरून नक्षी करायची नाही. जुन्या भांड्यांवरची शेवंती, जुन्या कापडावरची वेल उचलून पुन्हा काढायची नाही. बाहेर जायचे, झाडासमोर बसायचे, रेखाटने करायची आणि त्यातून स्वतःची नक्षी शोधायची.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध नक्षीचे मूळ एका वेलीत आहे. जपानमध्ये तिला ‘तेइका-काझुरा’ म्हणतात. ती आपल्या अंगणातल्या तगरीच्या कुळातली आहे, आणि तगरीसारखेच तिचे पांढरे फूल भिरभिऱ्यासारखे वळलेले व पाच पाकळ्यांचे असते. तोमिमोतोच्या फुलदाण्यांवर आणि डब्यांवर मात्र या फुलाला चारच पाकळ्या आहेत.

असे का केले, हे ज्याने ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्याला लगेच समजेल. ठिपक्यांची जाळी चौकोनी असेल तर चार पाकळ्यांचे फूल तिच्यात अचूक बसते. प्रत्येक पाकळी शेजारच्या फुलाच्या पाकळीला जाऊन मिळते आणि मधल्या रिकाम्या जागांतूनही आपोआप दुसरी नक्षी तयार होते. पाच पाकळ्यांचे फूल त्या जाळीत बसवायला गेलो तर कुठेतरी फट राहते किंवा पाकळ्या एकमेकींवर चढतात. तोमिमोतोला एक फूल दाखवायचे नव्हते. संपूर्ण भांड्याला वेढणारी अखंड फुलांची त्वचा हवी होती. त्यासाठी त्याने खरे फूल सूक्ष्मपणे पाहिले आणि मग त्याची एक पाकळी विचारपूर्वक काढून घेतली.

त्यात फुलदाणी ही सपाट अंगण नव्हे. रांगोळीचे ठिपके सगळीकडे सारख्या अंतरावर असतात. भांड्याच्या पोटावर मात्र तीच जाळी रुंद होते आणि गळ्याकडे जाताना आवळत जाते. गळ्यापासून पोटापर्यंत प्रत्येक ओळीतले फूल वरच्या ओळीपेक्षा थोडे मोठे काढावे लागते, आणि संपूर्ण फेरा पूर्ण झाल्यावर शेवटचे फूल पहिल्याला बरोबर भेटावे लागते. शेकडो फुलांची ही फेरी त्याने अनेकदा तांबड्या मीनेवर सोन्याने आणि चांदीने घातली आहे. इथे आणखी एक अडचण होती: चांदी सोन्यापेक्षा कमी उष्णतेवर वितळते आणि हवेत काळवंडते, त्यामुळे दोन्ही एकत्र भाजणे कठीण. चांदीत प्लॅटिनम मिसळून त्याने ती सोडवली आणि दोन्ही धातू एकाच भट्टीत भाजले.

मीनेच्या पोर्सिलेनसाठी १९५५ साली जपान सरकारने ज्या पहिल्या कलावंतांना ‘महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचे धारक’ म्हणून मान्यता दिली, त्यांत तोमिमोतो होता. अशा कलावंतांना तिथले लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात.

धुक्यातले फूल

तोमिमोतोच्या पिढीआधी इताया हाझान (१८७२–१९६३) याने अगदी वेगळा रस्ता धरला होता. तो शिल्पकार म्हणून शिकलेला असल्याने फूल रंगवण्याआधी तो ते भांड्याच्या अंगावर अत्यंत उथळ उठावात कोरत असे, मग त्या कोरलेल्या पाकळ्यांवर झिलईखालचे रंग भरत असे, आणि त्यावर चकचकीत झिलईऐवजी मंद, दुधाळ झिलई चढवत असे. या कामाला त्याने दिलेल्या नावाचा आशय ‘प्रकाश झाकून धरणे’ असा आहे. काचेची चमक नसल्यामुळे डोळा पृष्ठभागावर अडखळत नाही. पहाटेच्या धुक्यातून बाग दिसावी तशी फुले आतून उजळलेली वाटतात. मनासारखे न उतरलेले भांडे तो फोडून टाकत असे. १९५३ साली जपानचा संस्कृती सन्मान मिळवणारा तो पहिला कुंभकार ठरला, आणि पुढे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ही मान्यता देऊ केली तेव्हा ती त्याने नाकारली.

शाईने राखलेली पांढरी रेघ

आरिता हे क्यूशू बेटावरचे गाव म्हणजे जपानी पोर्सिलेनचे माहेर. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे हे काम सुरू झाले. तिथल्या इमाएमोन घराण्याची एक युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. निळ्या जमिनीवर पांढरी, केसासारखी बारीक पाकळी हवी असेल तर काय करायचे? पांढरा रंग वर लावून ती येत नाही, कारण पांढरेपण मातीचे स्वतःचे असते आणि ते राखावेच लागते. लहान मुले कोऱ्या कागदावर मेणबत्तीने रेघा ओढतात आणि वरून जलरंग फिरवतात, तेव्हा मेणाच्या जागी रंग धरत नाही आणि चित्र पांढरे उमटते. इमाएमोन घराण्यात मेणाऐवजी लिहिण्याची काळी शाई वापरतात. शाईतला सरस कोबाल्टच्या पाण्याला दूर ठेवतो. मग भांडे पुन्हा कच्च्या भट्टीत घातले की शाई जळून नाहीशी होते आणि तिच्या जागी शुभ्र रेघ उरते. फुलांच्या मागची जमीन भरायला वापरले जाणारे हे जुने तंत्र घराण्याचे चौदावे प्रमुख, म्हणजे चौदावे इमाएमोन, यांनी नक्षीच्या केंद्रस्थानी आणले, आणि २०१४ साली त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ही मान्यता मिळाली.

त्याच गावातले काकिएमोन घराणे उलट दिशेने विचार करते. त्यांच्या भांड्यांचा पांढरा रंग नेहमीच्या पोर्सिलेनसारखा निळसर नसून तांदळाच्या धुवणासारखा उबदार आहे. अठराव्या शतकात मागे पडलेली ही पांढरी माती घराण्याच्या बाराव्या आणि तेराव्या प्रमुखांनी १९५३ साली पुन्हा साधली. त्यावर फुले थोडीच असतात, आणि तीही एका बाजूला. उरलेले मोकळे अंग हाही चित्राचाच भाग असतो. कोमात्सु शहरातले योशिता मिनोरी यांनी तर सोन्याचा वर्खच कापून त्याची फुले केली आणि ती झिलईच्या खाली ठेवली. जाड आणि पातळ वर्खातून पाकळीची छटा येते, आणि आमच्या कपासारखे ते सोने घासून जात नाही.

फुलदाणीत खरे फूल असताना वर चित्र कशाला?

हा आक्षेप योग्य आहे, आणि काही वेळा तो बरोबरही असतो. भडक गुलाबांनी भरलेल्या फुलदाणीत गुलाब ठेवले की दोन्ही एकमेकांना मारतात. पण वर सांगितलेल्या भांड्यांपैकी बहुतेक भांडी पाणी भरून फुले ठेवण्यासाठी घडवलेलीच नाहीत. फुलदाणीचा आकार, म्हणजे गळा, खांदा, पोट आणि तळ, हा चित्रासाठी निवडलेला पृष्ठभाग आहे, जसा चित्रकार कॅनव्हास निवडतो. फरक एवढाच की या पृष्ठभागाला मागची बाजू असते आणि चित्र एका दृष्टीत कधीच संपत नाही. तोमिमोतोने अलंकरण नसलेली शुद्ध पांढरी भांडीही भरपूर केली आहेत. आकार स्वतः उभा राहू शकत नसेल तर फूल काढून तो सावरता येत नाही, हे त्यांच्याकडे पाहून लक्षात येते.

छापील फूल चालत नाही का?

चालते, आणि रोजच्या वापरासाठी ते उत्तमच आहे. मीनेच्या रंगांत छापलेले चित्र पाण्यात भिजवून कागदावरून सरकवतात, भांड्यावर बसवतात आणि मंद भट्टीत भाजतात. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती अशा भांड्यावर एखादी रेघ हाताने ओढून ‘हाताने रंगवलेले’ अशी चिठ्ठी लावली जाते तेव्हा. मी स्वतः अशी एक फुलदाणी घेतली आहे. घरी भिंग धरून पाहिले तेव्हा पाकळीत छपाईचे बारीक ठिपके एका ओळीत दिसले, आणि पुढच्या व मागच्या गुलाबातली प्रत्येक शीर तंतोतंत सारखी होती. हाताच्या कामात असे होत नाही. कुंचला जिथे उचलला तिथे रंगाचा थेंब साचलेला असतो, वळणावर रेघ पातळ होते, आणि दोन पाने कधीच जुळी नसतात.

किमतीचा प्रश्नही इथेच सुटतो. तीन-चार वेळा भट्टीत जाणाऱ्या भांड्याला प्रत्येक वेळी तडा जाण्याचा, वाकण्याचा किंवा राखेचा कण चिकटण्याचा धोका असतो, आणि शेवटच्या भट्टीत गेलेले भांडे आधीच्या सगळ्या महिन्यांचे काम घेऊन जाते. बाजारात नाव आणि दुर्मीळता यांचेही मोल होते हे खरे. पण विकल्या गेलेल्या एका फुलदाणीच्या किमतीत न निघालेल्या फुलदाण्यांचाही खर्च असतो.

जयपूरची निळी भांडीही पोर्सिलेनच ना?

नाही, जरी दोन्हींत निळा रंग कोबाल्टचाच असतो. जयपूरच्या निळ्या भांड्यांचे अंग मुख्यतः गारगोटीच्या भुकटीचे असते. त्यात काचेची भुकटी, मुलतानी माती आणि डिंक मिसळतात आणि पोर्सिलेनपेक्षा कितीतरी कमी उष्णतेवर भाजतात. म्हणून ती जड वाटतात, उजेड आरपार जाऊ देत नाहीत आणि लवकर टवकतात. ती वेगळ्या जातीची सुंदर कला आहे, आणि तिला पोर्सिलेनच्या मापाने मोजू नये.

घरात अशी फुलदाणी असेल तर

निळे फूल काचेखाली असेल तर साध्या साबणाने धुवायला हरकत नाही. बोटाला उंचवटा लागत असेल, म्हणजे फूल मीनेचे असेल, तर मऊ फडके आणि कोमट पाणी पुरे. चिंच, लिंबू किंवा घासणीची भुकटी लावू नये, कारण आम्ल मीनेला हळूहळू खाते. जुन्या मीनेत शिसे असू शकते, त्यामुळे अशा भांड्यात सरबत किंवा लोणचे कधीही ठेवू नये. सोने-चांदी असेल तर ओले फडकेही जपून फिरवावे. आणि फुलदाणी भिंतीला टेकून कायमची एकाच तोंडाने ठेवू नका. आठवड्यातून एकदा ती थोडी फिरवा, म्हणजे मागे गेलेले फूल पुढे येईल आणि गळ्याजवळ नक्षी कशी आवळत गेली आहे तेही दिसेल.